हैदराबाद, दुपार वगळून

देगलूरच्या माणसाला हैदराबाद नवं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी 'एकदा हैदराबादला दाखवून घ्या' म्हटलं की पहाटेची गाडी धरायची, लग्नाचा बस्ता बांधायचा तर तिकडेच, आखातात निघालेल्या भावाला विमानतळावर सोडायचं तेही तिकडेच. बगलेत फाइल मारून जायचं आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन परतीची गाडी पकडायची. त्यामुळे शहर पायाखालचं आहे, पण पाहिलेलं नाही. चाळीस वर्षं ये-जा करणाऱ्याला हुसेनसागराच्या काठावर तासभर बसलात का विचारलं, तर तो हसून मान हलवतो.

आजोबांच्या पिढीला हैदराबाद ही राजधानी होती. १९४८च्या पोलीस ॲक्शनपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तेव्हा राजधानी बदलली. अंतरं मात्र होती तिथेच राहिली. मुंबई सहाशे किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद दोनशेच्या आसपास. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन दिवस कुठं जायचं हा प्रश्न घरात निघतो तेव्हा महाबळेश्वर, तिरुपती, गोवा अशी नावं येतात, आणि जाण्या-येण्यातच सुट्टी संपणार हे लक्षात आल्यावर बेत बारगळतो. चार-पाच तासांवरचं तळ्याकाठचं शहर कुणाला आठवत नाही, कारण ते आपल्या लेखी कामाचं गाव आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: हैदराबाद थंड हवेचं ठिकाण नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे, तरी मे महिन्यात तिथंही पारा चाळिशीला टेकतो. देगलूरच्या उन्हातून निघून हैदराबादच्या उन्हात उतरायचं, तर जायचं कशाला? जायचं ते सकाळ आणि संध्याकाळसाठी. या शहराच्या पोटात आणि भोवती पाणी आहे, माणसानं मुद्दाम अडवलेलं. सूर्य कलला की त्या पाण्यावरून वारा येतो आणि गाव घराबाहेर पडतं. म्हणून बेत आखताना स्थळांची यादी बाजूला ठेवा आणि घड्याळ समोर घ्या. सकाळी दहापर्यंत उघड्यावर, अकरा ते पाच छपराखाली, पाचनंतर पाण्याकाठी. आमच्याकडची मंडळी नेमकं उलटं करतात. सकाळी आंघोळी-नाश्त्यात दहा वाजवतात, भर बाराला गोवळकोंडा चढतात आणि संध्याकाळी दमून लॉजवर झोपतात. मग परत येऊन सांगतात, हैदराबादमध्ये काही राम नाही.

रस्त्याची कटकट आता बरीच कमी झाली आहे. देगलूरला रेल्वे नाही, त्यामुळे भिस्त राष्ट्रीय महामार्ग १६१वर: मदनूर, पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी. कंदी ते रामसानपल्ली हा सुमारे ४० किलोमीटरचा चौपदरी टप्पा मार्च २०२४मध्ये सुरू झाला. बसनं जाणाऱ्या बायकांनी तिकिटाचा हिशेब आधीच करून ठेवावा. आपल्या एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, पुढचं भाडं पूर्ण लागतं. तेलंगणाच्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट आहे हेही खरं, पण तो तेलंगणाच्या रहिवाशांना. कंडक्टर आधार कार्डावरचा पत्ता पाहतो. 'शेजारचेच आहोत हो' या बोलण्याला तिथं भाव नाही.

शेवटच्या थांब्यापर्यंत बसमध्येच बसून राहण्याची सवयही मोडायला हवी. संगारेड्डीकडून येणारी गाडी पटानचेरूवरून मियापूरला येते, आणि तिथून पुढे कुकटपल्ली, अमीरपेठची वाहतूक सुरू होते. दोनशे किलोमीटर झपाझप आलेली गाडी शेवटच्या पंचविसात रडवते. मियापूरला उतरा. तिथून मेट्रोची लाल मार्गिका सुटते, तीच अमीरपेठ, खैरताबाद, लकडी का पूल, नामपल्ली करत महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत आणि पुढे एल. बी. नगरपर्यंत जाते. गाडी वातानुकूलित आहे आणि उंचावरून धावते, त्यामुळे पोरांना शहरही दिसतं. मुक्काम लकडी का पूल किंवा खैरताबादच्या आसपास धरला तर तळंही जवळ आणि मेट्रोही. पेशंटसोबत जाताना सवयीनं आपण दवाखान्याजवळचा लॉज घेतो, सुट्टीला जाताना तो मोह टाळावा. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकत सुट्टी लागत नाही.

वारही पाहून घ्यावा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद, नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. तेलंगणातल्या शाळांना एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच सुट्टी लागते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या उघडतात, म्हणजे आपली पोरं जातील तेव्हा तिथली पोरंही मोकळीच. ज्यांना जमेल त्यांनी मंगळवार ते गुरुवार गाठावा. नोकरदारांना शनिवार-रविवारच आहेत. त्यांनी प्राणिसंग्रहालय सोडून द्यावं, रविवारी तिथं प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त पाहावी लागतात.

आता पाण्याकडे वळू. हुसेनसागर बांधला गेला १५६२-६३च्या सुमारास, इब्राहीम कुतुबशहाच्या काळात, हुसेनशाह वली यांच्या देखरेखीखाली. चारमिनार उभा राहिला १५९१ साली. म्हणजे शहर वसण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी हे तळं होतं. राजधानी तेव्हा गोवळकोंड्यात होती आणि हा तिच्या पाण्याचा बंदोबस्त होता. आज ज्याला सगळे टँकबंड म्हणतात तो या तळ्याचाच बांध. एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्याला सिकंदराबाद. बांधावर उभं राहिलं की मधोमध बुद्ध दिसतो.

या बुद्धाची कथा पोरांना तिथं उभं राहूनच सांगावी. भोनगीरजवळच्या रायगीरचा ग्रॅनाइट, गणपती स्थपती आणि त्यांच्या कारागिरांचे हात, साधारण अठरा मीटर उंची आणि साडेतीनशे टनांच्या घरातलं वजन, सगळं एका दगडात. १० मार्च १९९० रोजी मूर्ती तराफ्यावर चढवून तळ्यातल्या खडकाकडे निघाली. काठापासून थोडं अंतर गेल्यावर तराफा कलला आणि मूर्ती पाण्यात गेली. दहा माणसं दगावली. पुढची पावणेतीन वर्षं बुद्ध तळाशी गाळात आडवा पडून होता. अखेर त्याला बाहेर काढून १ डिसेंबर १९९२ रोजी त्या खडकावर उभा केला. एवढं होऊनही दगडाला काही झालेलं नव्हतं. लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून बोटी तिथवर जातात. ऊन उतरल्यावरची बोट घ्या, म्हणजे जाताना मूर्ती उजेडात दिसते आणि येताना काठावरचे दिवे. मे महिन्यात वळवाचं वादळ उठलं तर बोटी बंद होतात, म्हणून बोट पहिल्याच संध्याकाळी उरकावी. दुसरी संध्याकाळ हाताशी राहते.

एक नाक मुरडायची गोष्टही आहे. शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं या तळ्यात येत राहिलं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की काही बाजूंना वास मारतो. वाऱ्याची दिशा पाहून बसायची जागा बदला. नेकलेस रोडवर जागेला तोटा नाही.

याच काठावर आपल्या ओळखीची बरीच माणसं भेटतात. एनटीआर गार्डनशेजारी १४ एप्रिल २०२३ला उभा राहिलेला डॉ. आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा घडवला तो राम सुतार यांनी, ते मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. नेकलेस रोडला आता पी. व्ही. नरसिंह राव यांचं नाव आहे आणि त्यांची समाधीही तिथंच आहे. हे पी. व्ही. स्वामी रामानंद तीर्थांचे शिष्य. स्वामीजींचं स्मारक तळ्यापासून थोड्याच अंतरावर, बेगमपेठेत आहे. नांदेडच्या विद्यापीठाच्या पदवीवर ज्यांचं नाव छापून येतं त्यांची समाधी हैदराबादेत आहे, हे आपल्या पदवीधरांपैकी किती जणांना माहीत असेल? वेळ असेल तर सकाळी अर्धा तास तिथं जाऊन यावं.

दुसऱ्या दिवशीची पहाट चारमिनारला द्या. संध्याकाळी तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण सकाळी सहाला चौक मोकळा असतो. शेजारची इराणी हॉटेलं लवकर उघडतात, चहा आणि उस्मानिया बिस्किट उभ्या-उभ्याच घ्यायचं. तिथून गोवळकोंडा, दार उघडण्याच्या वेळेला. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, हा खेळ प्रत्येक गाईड करून दाखवतो. मला त्याहून मोठं आश्चर्य वाटतं ते पाण्याचं. रहाटांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवलेलं पाणी मातीच्या नळांमधून महालांत खेळवलं होतं आणि त्या नळांचे तुकडे अजूनही भिंतींत दिसतात. वर जायला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली सावलीत बसावं, त्यात कमीपणा नाही. काहीही झालं तरी अकराच्या आत गड सोडायचा, तो ग्रॅनाइट तापायला लागला की थांबत नाही.

दुपार सालारजंगची. मुसी नदीच्या दक्षिण काठावरचं हे संग्रहालय १९५१ साली खुलं झालं आणि १९६८ साली आजच्या इमारतीत आलं. बुरख्याआडची रिबेका तर पाहाच, संगमरवरातून इतका तलम पडदा बेंझोनीनं कसा काढला ते जवळ जाऊन पाहावं. पण पोरं खिळतात ती घड्याळासमोर. त्यात एक लोहार सेकंदासेकंदाला घण घालत असतो. तास भरत आला की दार उघडून एक दाढीवाला बाहेर येतो, जेवढे वाजले तेवढे टोले देतो आणि आत निघून जातो. अंगणात मांडलेल्या बाकांवर पन्नास-शंभर माणसं तोंड वर करून बसलेली असतात. दुपारी बाराला गर्दी सर्वांत जास्त, बारा टोले ऐकायला मिळतात म्हणून. गोवळकोंड्याहून थेट आलात तरी बारा चुकतील, आणि एकाचा एक टोला ऐकून पोरं हिरमुसतात. दोन किंवा तीनच्या सुमाराला घड्याळापाशी पोहोचण्याचा बेत ठेवा.

संग्रहालयाबाहेर पडलात की समोर मुसी. आज तिच्याकडे पाहून विश्वास बसत नाही, पण २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीनं हजारो माणसं नेली. अफजलगंजला, उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, एक चिंचेचं झाड आहे. पुराच्या रात्री त्याच्या फांद्या धरून दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. झाड अजून उभं आहे. उस्मानियात पेशंट घेऊन गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी त्याच्या सावलीत डबे सोडले असतील, त्या सावलीखालची गोष्ट ठाऊक नसताना. त्या पुरानंतर निजामानं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांच्या आराखड्यातून मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली झाला. पूर अडला आणि शहराच्या पिण्याची सोय झाली. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेठ. हे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. स्वतःची गाडी असेल तर दुसरी संध्याकाळ तिकडे घालवा. हुसेनसागरापेक्षा गर्दी कमी आणि वारा मोकळा.

गंडीपेठचं कौतुक ऐकताना मांजरा विसरू नका. ती बीडच्या बालाघाटात उगम पावते, लातूर-बीदर करत तेलंगणात उतरते, आणि मग उत्तरेला वळून आपल्याच देगलूर-बिलोलीच्या सीमेवरून गोदावरीकडे जाते. वाटेत सिंगूरला तिला अडवलं आहे आणि तिथलं पाणी हैदराबादला जात आलं आहे. त्याखाली १९३१चा निजामसागर. म्हणजे नदी आपल्या दारात येते ती दोन धरणं भरून झाल्यावर. हॉटेलात पाण्याचा ग्लास समोर आला की हे सांगून पाहावं, हैदराबादी माणूस चार क्षण गप्प बसतो.

खाण्याबद्दल फार सांगायला नको, बिर्याणीचा पत्ता देगलूरकराला विचारावा लागत नाही. उन्हाळ्याचं म्हणून दोनच सांगतो. रस्त्याकडेला ताडगोळे, तिकडचे मुंजलू, ढिगानं मिळतात. आपल्यासमोर कापून घ्या आणि पातळ साल काढून तिथंच खा. दुसरं म्हणजे मोअज्जमजाही मार्केटातलं आइस्क्रीम. १९३५ची ही दगडी इमारत अलीकडेच साफसूफ होऊन पुन्हा उजळली आहे आणि तिच्या कमानींखालच्या दुकानांत फळांचं आइस्क्रीम अजून जुन्या पद्धतीनं फिरवून करतात. उन्हाळ्यात आंब्याचं मागा, सीताफळाचं प्रसिद्ध असलं तरी त्याचा हंगाम नसतो. रात्री साडेनवाला तिथं बसायला खुर्ची मिळाली तर नशीब.

बेत मे संपण्याआधी उरकावा हे बरं. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागतो आणि नामपल्लीच्या एक्झिबिशन मैदानावर दम्यावरचा माशाचा प्रसाद घ्यायला देशभरातून माणसं लोटतात. आपल्या मराठवाड्यातूनही भरपूर जातात. त्या दोन दिवसांत नामपल्ली, लकडी का पूल भागात खोली मिळणं मुश्कील होतं आणि मिळाली तर सांगेल तो दर द्यावा लागतो. जायचंच झालं तर खोली आधी ठरवा, नाहीतर सरळ सिकंदराबादच्या बाजूला उतरा.