बोटांनीं वाचावयाचा नकाशासंग्रह

नकाशा डोळ्यांनींच वाचावयाचा, ही समजूत इतकी रूढ आहे कीं, ती तपासून पाहावी असें सहसा कोणास वाटत नाहीं. अमेरिकेंत बोस्टन येथें १८३७ सालीं निघालेला संयुक्त संस्थानांचा नकाशासंग्रह या समजुतीस सरळ बाध आणतो. सबब त्याचा अल्प परिचय येथें करून देतों.

संग्रहाचे कर्ते डॉ. सॅम्युअल ग्रिड्ली हौ हे तेथील अंधशाळेचे चालक. मुद्रणाचें काम सॅम्युअल रगल्स यांनीं पाहिलें. प्रती अवघ्या ५० निघाल्या. जाड कागदावर शाई मुळींच नाहीं; किनारे, नद्या, सीमा, अक्षरें, सर्व उठावाचीं. तत्पूर्वीं अंधांचे नकाशे नव्हतेच असें नाहीं. मानहाइम येथील वाइसेनबुर्ग नामक अंध गृहस्थानें अठराव्या शतकांतच दोरे, मणी वगैरे लाविलेले नकाशे वापरले होते. परंतु ते हातानें एकेकच व्हावयाचे. डोळस माणसाच्या साहाय्यावांचून अंध विद्यार्थ्यास नकाशा वाचतां यावा, हा हौ यांचा हेतु. आमच्या मतें संग्रहाचें खरें महत्त्व त्यांत आहे.

काम दिसतें तितकें सोपें नव्हे. डोळ्यास सबंध प्रांत एकदम दिसतो. बोटास तो तुकड्यातुकड्यानें जोडीत जावें लागतें. नदीच्या रेषेवर नांव पडलें तरी डोळा दोन्ही निराळीं ओळखतो, बोटाखालीं मात्र दोहोंचा गोंधळ होतो. म्हणून छापील नकाशा नुसता उठावदार करून भागत नाहीं. पुष्कळ गाळावें लागतें, आणि काय गाळावें हें ठरविण्यांतच कर्त्याची कसोटी.

लिपीच्या बाबतींत मात्र हौ चुकले. लुई ब्रेल यांची ठिपक्यांची लिपि पॅरिस येथें १८२९ सालींच प्रसिद्ध झाली होती. हौ यांनीं कोनदार केलेलीं रोमन अक्षरेंच धरलीं. लिपि निराळी झाल्यास अंध समाजापासून तुटतील, अशी त्यांची भीति. ती प्रामाणिक खरी. पण जीं अक्षरें डोळ्यास सोपीं तीं बोटास अवघड पडलीं. इंग्लंड व अमेरिका यांचें ब्रेलविषयीं एकमत होण्यास पुढें १९३२ साल उजाडलें. पेशवाईंतील नकाशांवरील मोडी नांवें ज्यांस लागत नाहींत, त्या आमच्या डोळस वाचकांस ही अडचण सहज उमजेल. इतिहासाच्या अंध विद्यार्थ्यास तर पानिपतच्या मोहिमेचा मार्ग आजहि बहुधा दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो.