लोखंडाच्या मळीचे सिमेंट



विहिरीचे बांधकाम किंवा गोठ्याचा कोबा काढला असेल, तर सिमेंटच्या पोत्यावर काय छापले आहे ते आधी वाचा. 'पोर्टलँड स्लॅग सिमेंट, आय. एस. ४५५' असे असेल, तर त्यात झोतभट्टीतील धातुमळी आहे. भेसळ समजून ते परत करू नका.

लोहखनिज वितळवताना भट्टीत चुनखडी घालतात. खनिजातील वाळू-माती तिच्याशी एकजीव होते आणि तिची मळी लोखंडावर तरंगते. ही तापलेली मळी पाण्याच्या झोताने एकदम थंड केली की रवाळ होते. दळून सिमेंटात मिसळल्यावर तीही पाण्याच्या संगतीने घट्ट धरते.

खारवट जमिनीतील सल्फेट क्षार साध्या सिमेंटला खातात. मळीचे सिमेंट तिथे जास्त टिकते. मात्र ते सुरुवातीला सावकाश ताकद धरते. म्हणून सेंट्रिंग काढण्याची घाई नको. निदान १० दिवस, जमल्यास १४ दिवस काम सतत ओले ठेवा. पाणी कमी असेल, तर वर ओले गोणपाट अंथरा. तेवढेही पाणी नसेल, तर विहिरीला पाणी येईपर्यंत थांबा. अर्धवट पाणी मारलेल्या कामाला भेगा पडतात आणि पोत्यांचे पैसे मातीत जातात.