खाडाखोड नसलेली वही

मानखुर्दच्या किराणा दुकानातली उधारीची वही आठवा. नेटका दुकानदार जुना आकडा खोडत नाही, खाली नवी ओळ लिहितो. फंक्शनल प्रोग्रामिंगचं मर्म हेच: एकदा नोंदलेली माहिती बदलायची नाही, तिच्यावरून नवी तयार करायची. मग एकाच वेळी हजार कामं चालली, तरी एकाचा हात दुसऱ्याच्या आकड्यावर पडत नाही. रिच हिकी यांनी २००७ मध्ये आणलेली क्लोजर ही अशीच प्रोग्रामिंग भाषा. पुण्यात रुजलेल्या हेल्पशिफ्ट या कंपनीनं तिचा भरपूर वापर केला. २०२० मध्ये ‘इन-क्लोजर’ ही क्लोजरची परिषदही पुण्यातच भरली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. क्लोजरच्या सप्टेंबर २०२४ मधल्या १.१२ आवृत्तीपासून प्रोग्रामचं चालू सत्र न थांबवता नवी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जोडता येते.