दोन मिलिमीटर मागे, मग दणका

थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडते, त्या क्षणी रायफल किती मागे सरकलेली असते? जेमतेम दोन मिलिमीटर. गोळीला नळी पार करायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर त्याच्या दीडपट वेळ लागतो. खांद्यात बसणारा खरा दणका त्यानंतरचा. तो जाणवतो तोवर गोळी कित्येक मीटर पुढे निघून गेलेली असते. ज्या धक्क्याच्या धास्तीने नेम चुकतो, तो धक्का नेम चुकवायला अजून पोचलेलाच नसतो. या गोष्टीचं मला अजूनही नवल वाटतं.

ही रायफल म्हणजे ली-एनफील्ड, आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या कवायतीत पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली. वजन सुमारे ४.१ किलो. गोळी ११.३ ग्रॅमची, सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने सुटणारी. गोळीला जेवढा रेटा पुढे, तेवढाच रायफलला मागे. न्यूटनच्या नियमातून सुटका नाही. पण हिशेब गोळीपाशी संपत नाही. तिच्यामागून जळत्या दारूचा वायू सुटतो. त्याचं वजन अडीच ग्रॅमसुद्धा भरत नाही, पण वेग इतका प्रचंड की मागच्या रेट्यातला जवळजवळ पाव वाटा त्याचा असतो. रायफल मोकळी सोडली तर ती सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने मागे येईल. त्यातली ऊर्जा सुमारे १५ ज्यूल. दीड किलो साखरेची पिशवी मीटरभर उंचीवरून पडली तर एवढाच दणका बसेल.

रेटा किती, हे काडतूस ठरवतं. त्यात कुणाची मर्जी चालत नाही. मात्र तो किती अंतरात, किती जागेवर आणि किती वस्तुमानावर पसरावा, हे निसर्गाने आपल्यावर सोडलं आहे, आणि लहान चणीच्या नेमबाजाची सगळी आशा या मोकळीकीत आहे. मागे येणारी रायफल एका सेंटिमीटरमध्ये थांबवली, तर खांद्यावर सरासरी दीडशे किलो वजनाएवढा दाब येतो. तीच रायफल तीन सेंटिमीटरमध्ये थांबवली तर पन्नास किलोंचा. दस्त्याच्या टोकाला बसवलेली मऊ रबराची गादी नेमकं हेच करते: थांबायला अंतर देते आणि दाब रुंद जागेवर पसरवते.

नवशिक्याची चूक इथेच होते. दणका बसणार म्हणून तो दस्ता खांद्यापासून किंचित लांब धरतो. त्या बोटभर फटीत रायफल पूर्ण वेग घेते आणि हातोड्यासारखी आदळते. उलट दस्ता छाती आणि खांद्याच्या मधल्या खळग्यात घट्ट बसवला, तर धडाचं वजन सुरुवातीपासूनच रायफलला जोडलं जातं. समजा, चारच किलो जोडले गेले, तरी वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. उभं राहून गोळी झाडताना शरीर मागे झुलून उरलेला रेटा जिरवतं. पालथं पडून झाडताना तशी सोय नसते, म्हणून तिथे तोच दणका जास्त लागतो.

हे कोडं फार जुनं आहे. पंधराव्या शतकातल्या जर्मन बंदुकांच्या नळीखाली लोखंडी आकडा असे. तो तटाच्या कडेला अडकवायचा, म्हणजे धक्का माणसाऐवजी भिंत खाई. आपल्या किल्ल्यांवरच्या जेजालाही तटावर टेकवूनच डागत, कारण एवढ्या जड बंदुकीचा धक्का खांद्यावर घेणं अशक्यच.

आता लहान चणीचं. ‘खांदा मजबूत कर’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. बहुतेक वेळा दोष खांद्याचा नसतो, दस्त्याच्या लांबीचा असतो. लांब दस्ता आखूड हाताच्या माणसाला दिला की काय होतं पाहा: चापापर्यंत बोट पोचावं म्हणून दस्ता खळग्यातून सरकून दंडावर येतो, मान पुढे ताणली जाते, रायफल पेलण्यासाठी कमरेतून मागे रेलावं लागतं. मग दणका बसतो दंडाच्या हाडावर, आणि आधीच मागे कललेलं शरीर तो झेलू शकत नाही. ब्रिटिश सैन्याला हे ठाऊक होतं. ली-एनफील्डचा दस्ता वेगळा काढता येई आणि तो चार लांब्यांमध्ये मिळे, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने. आखूड दस्त्यावर ‘एस’ ठोकलेलं असे, लांब दस्त्यावर ‘एल’. सर्वांत आखूड दस्त्याचं नाव ‘बँटम’. १९१४ साली बर्कनहेडमध्ये सव्वापाच फुटांहून बुटक्या माणसांची जी पलटण उभी राहिली, तिचंही नाव तेच. एका इंचाने लाकूड कमी केलं की तोच माणूस तीच रायफल नीट चालवू लागतो!

‘अंगाने लहान, म्हणून हलकी रायफल द्या’ हे तर्कशुद्ध वाटतं आणि उलटं पडतं. रेटा तोच ठेवून वजन घटवलं की मागे येणारी ऊर्जा वाढते. १९४४ पासून बनू लागलेली ‘जंगल कार्बाइन’ हे त्याचं उदाहरण: काडतूस थ्री-नॉट-थ्रीचंच, वजन मात्र ३.२ किलो. दस्त्याला रबर होतं, पण इतकं अरुंद की दाब पसरण्याऐवजी एकवटत असे. तिचा धक्का कुप्रसिद्ध झाला. हलकं करायचं तर काडतूस करावं. ५.५६ मिलिमीटरच्या इन्सास रायफलचं वजन ली-एनफील्डएवढंच, पण तिच्या धक्क्यातली ऊर्जा ढोबळ हिशेबाने चौथा हिस्सा.

नळीच्या तोंडाला छिद्रांची टोपी बसवून वायू बाजूला वळवता येतो, त्याचा रेटा मग मागे येत नाही. पण आवाज शेजाऱ्यांच्या कानांवर फेकला जातो, आणि अशा रायफलचा आवाज मुळातच १५० डेसिबलच्या वर असतो. कान झाकणं एरवीही अटळ आहे. कान झाकले की दणकाही कमी वाटतो, कारण मेंदू आवाज आणि धक्का वेगवेगळे मोजत बसत नाही.

दचकण्यावर एक सुंदर उपाय आहे. उस्ताद खऱ्या काडतुसांत एखादं निकामी काडतूस गुपचूप मिसळतो. चाप ओढला जातो, टक्‌ एवढाच आवाज होतो, आणि नळीचं टोक खाली डुचकलेलं सगळ्यांना दिसतं. धक्का नसतानाही शरीराने तो झेलण्याची तयारी केलेली असते. म्हणून पॉइंट टू-टूच्या छोट्या काडतुसापासून सुरुवात करावी. पहिल्याच दिवशी मोठी रायफल देऊन परीक्षा पाहू नये.

टू-टूचा धक्का तर नाममात्र. तरीही २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याचं, जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ज्या प्रकारच्या रायफली वापरतात, त्यांचा दस्ता लांबीला, उंचीला, गालाच्या टेकूला, सगळीकडे मिलिमीटरने जुळवता येतो. इथे प्रश्न दुखण्याचा नाही. गोळी नळीत असताना रायफल मिलिमीटरचा तिसरा भागच मागे सरकते, पण ती दर वेळी त्याच रेषेत सरकायला हवी. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंदीचं असतं.