मापात छापलेली गोळी

डॉक्टर ‘अर्धी गोळी सकाळी, अर्धी रात्री’ असं लिहून देतात. घरी सुरीने गोळी तोडली की एक तुकडा मोठा निघतो, एक लहान, आणि थोडा भुगा ताटलीतच राहतो. कारखान्यात ठरावीक मापाच्या लाखो गोळ्या दाबून काढणं स्वस्त पडतं. पण लहान मुलाला लागणारं नेमकं माप त्यात असेलच असं नाही. थ्रीडी प्रिंटिंगचा उपयोग होतो तो इथे.

स्पेनमधल्या सँतियागो दे कोंपोस्तेला इथल्या रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. मेपल सिरप युरिन डिसीज हा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांना ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं शरीरात नीट मोडता येत नाहीत. म्हणून त्यांच्या आहारात प्रथिनं अगदी मोजून द्यावी लागतात. त्यामुळे रक्तातलं आयसोल्युसिन फार खाली जाऊ शकतं, मग ते वरून द्यावं लागतं. किती, ते रक्ततपासणीवर ठरतं आणि वेळोवेळी बदलतं. पूर्वी औषधनिर्माते हाताने वजन करून कॅप्सूल भरत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याऐवजी चघळायच्या गोळ्या छापल्या गेल्या.

त्या अशा होतात. आयसोल्युसिन, साखर, पेक्टिन, पाणी, रंग आणि स्वाद यांचा दाटसर लगदा करून तो सिरिंजमध्ये भरतात. मेंदीच्या कोनातून निघावी तशी त्याची बारीक धार निघते आणि प्रिंटर थरावर थर देत गोळी उभी करतो. लगद्यातलं औषधाचं प्रमाण ठरलेलं असतं, त्यामुळे डोस वाढवायचा तर संगणकावर फक्त गोळीचं आकारमान वाढवायचं.

मात्र लगदा सारखा मिसळलेला नसेल, तर आकार अचूक असूनही डोस चुकतो. कारखान्यात लाखांतल्या काही गोळ्या विरघळवून तपासतात. दहाच गोळ्या छापल्या, तर त्यातल्या किती मोडणार? म्हणून प्रत्येक गोळीचं वजन करणं आणि ती न मोडता प्रकाशकिरणांनी आतलं औषध मोजणं, अशा पद्धतींवर काम चालू आहे.

अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळालेली स्प्रिटाम ही अपस्माराची गोळीही छापलेलीच. ती घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. पण ती कारखान्यात, ठरावीक मापांतच बनते. म्हणजे गोळी छापली की ती आपोआप रुग्णाच्या मापाची होते असं नाही. त्यासाठी प्रिंटर रुग्णालयाच्या औषध विभागात हवा, आणि त्याच्याशेजारी रक्ताचा अहवाल वाचून आकडा बदलणारा, मग गोळी तपासणारा औषधनिर्माताही.