ट्रान्सप्लांट झालं, पण काउंट कमीच? घरच्यांनी काय सांभाळायचं

भावाच्या किंवा बहिणीच्या स्टेम सेल मिळाल्या, पेशंट घरी आला, की आपण म्हणतो, 'अल्लाहचा शुक्र, सुटलो एकदाचे.' शुक्र जरूर करावा. पण डिस्चार्ज म्हणजे आजार संपला असं नाही. पुढचे काही महिने पेशंटची निम्मी देखभाल घरच्यांच्याच हातात असते.

आधी काउंट कमी का होतात ते पाहू. केमोथेरपीने पेशंटचा जुना बोनमॅरो रिकामा केलेला असतो. दात्याच्या पेशी हाडांत जाऊन रुजायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस 500 च्या वर राहिल्या, की पेशी रुजल्या असं डॉक्टर धरतात. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन वर यायला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो.

ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

पांढऱ्या पेशीच कमी असल्या, की पू होत नाही, सूजही दिसत नाही. कधी कधी ताप ही एकच खूण असते. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. क्रोसिन देऊन ताप दाबू नका. अशा पेशंटला पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक मिळायला हवं. चिपळूण, रत्नागिरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे मिळेल, ते डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

प्लेटलेट आणि रक्त

प्लेटलेट 10 हजारांच्या खाली गेल्या की साधारणपणे चढवतात. ताप किंवा रक्तस्राव असेल तर त्याआधीही. नाका-हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके, काळी शौच, अचानक जोराची डोकेदुखी दिसली तर लगेच कळवा. ब्रश मऊ वापरा. ॲस्पिरिन, ब्रुफेन मनाने देऊ नका.

प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात. म्हणून एकाच दिवशी मोहल्ल्यातले पन्नास जण धावून आले तर उपयोग नाही. मशिदीच्या जमातीतल्या दहा-बारा तरुणांची यादी करा, पाळीपाळीने बोलवा. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेल्याने थांबावं.

'सख्ख्याचं रक्त सगळ्यात चांगलं' हा समज इथे चुकीचा आहे. नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावरच हल्ला करू शकतात. म्हणून या पेशंटना इरॅडिएटेड, म्हणजे किरणं दिलेलंच रक्त लागतं. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर पेशंटचा गटही पुढे बदलतो. जुन्या कार्डावर भरवसा ठेवू नका. ब्लड बँकेला 'ट्रान्सप्लांट झालंय' हे आधी सांगा.

वर आलेले काउंट पुन्हा पडले तर

लगेच 'आजार उलटला' असं धरून रडारड करू नका. सीएमव्हीसारखा व्हायरस, त्यावरचं औषध, सेप्ट्रानसारखी गोळी, दात्याच्या पेशी अशक्त पडणं, अशी बरीच कारणं असतात. आजार परतणं हेही त्यातलं एक. कायमेरिझम टेस्टमधून रक्तात दात्याच्या पेशी किती ते कळतं. मग कारण पाहून औषध बदलतात, पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात किंवा त्याच दात्याच्या आणखी पेशी देतात. मात्र कोणतीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

इयादत आणि रोजा

इयादतीला येणं सवाबाचं काम आहे, पण सर्दी-खोकला असलेल्याने फोनवरच दुआ द्यावी. घरातल्यांनी हात धुऊनच जवळ जावं. जेवण ताजं, नीट शिजलेलं, आणि पाणी उकळून गार केलेलं द्यावं. आबे-जमजमही डॉक्टरांना विचारूनच द्या.

रमजानमध्ये पेशंट हट्ट करतो, 'एक तरी रोजा धरू द्या.' त्याच्या गोळ्या ठरलेल्या वेळी पोटात गेल्याच पाहिजेत, पाणीही भरपूर हवं. आजाऱ्याला दीनने सवलत दिलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही, हे अम्मी-अब्बांनी त्याला प्रेमाने समजवावं.

शेवटी एकच काम आजच करा. थर्मामीटर, हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर आणि काउंटची वही एका जागी ठेवा. ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो.