पत्ता पुण्याचा, गाव पिंपरीचं

"तुम्ही कुठले?" असं प्रवासात कोणी विचारलं की मी जन्मभर एकच उत्तर देत आलो, "पुण्याचा." मग समोरचा पेशव्यांबद्दल, दुपारच्या झोपेबद्दल आणि पुणेरी पाट्यांबद्दल बोलू लागे आणि मीही मोठ्या आनंदाने त्यात सामील होई. खरं सांगायचं तर माझा जन्म पिंपरीतला, शाळा पिंपरीतली, नोकरी चिंचवडची आणि घर निगडीला. पण पाकिटावर 'पिंपरी, पुणे ४११ ०१८' असं लिहिलेलं असायचं. त्यामुळे आपण काही खोटं बोलतो आहोत असं कधी वाटलंच नाही.

माझे वडील सातारा जिल्ह्यातून आले ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. त्याचं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे 'पेनिसिलीन फॅक्टरी' म्हणत. आईला कापड घ्यायचं असलं की ती म्हणे, "शहरात जाऊन येऊ." शहर म्हणजे पुणे. आपण राहतो ते काय, हा प्रश्न तिला कधी पडला नाही, आणि आम्हालाही नाही.

वास्तविक आमच्या भागाला स्वतःचा इतिहास होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडणारे दामोदर हरी चापेकर आणि त्यांचे भाऊ याच चिंचवडचे. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी पडली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या त्या माणसांनी बघता बघता बाजारपेठ उभी केली. लोक आजही तिला 'पिंपरी कॅम्प' म्हणतात. मग १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. टेल्को आली, आकुर्डीला बजाजची स्कूटर तयार होऊ लागली आणि ज्वारीच्या शेतांवर भोंगे वाजू लागले.

कारखाने आले, कामगार आले, चाळी झाल्या. पण दिवाबत्ती, पाणी, गटारं पाहायची कोणी? ग्रामपंचायतींचा तो आवाका नव्हता. म्हणून ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून एक नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. चार गावांचे चार देव, चार जत्रा आणि चार पाटील, पण कारभार एक! बहुतेक शहरं आधी वाढतात आणि मग त्यांना नगरपालिका मिळते. आमच्याकडे मात्र कागदावर शहर आधी झालं आणि शहरपण मागाहून यायचं राहिलं.

दोनच वर्षांनी, १९७२ साली, नवनगर विकास प्राधिकरण आलं. कामगारांना रास्त दरात घर आणि भूखंड मिळावेत हा त्यामागचा हेतू. आखीव रस्ते, क्रमांकाची सेक्टरं आणि ९९ वर्षांचा भाडेपट्टा. माझं निगडीचं घर त्यातलंच. या घरासाठी कोणाचं तरी शेत गेलं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के परतावा देण्याचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळला. ज्या बापाने जमीन दिली तो गेला आणि मुलगा कागद घेऊन फिरत राहिला, अशी घरं आमच्या भागात आहेत. २०२१ साली ते प्राधिकरणही विसर्जित झालं.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका झाली. पण गंमत पाहा, पहिली निवडणूक झाली १९८६ साली. तोवर कारभार प्रशासकाच्या हाती. निवडणुकीनंतर ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. मतदानाची सुट्टी मिळाली म्हणून आम्ही चार मित्र लोकल पकडून पुण्याला गेलो आणि सिनेमा पाहून आलो. लोकसभेला मी मत देत असे, विधानसभेलाही. पण नगरसेवक? त्यात काय निवडायचं, अशी माझी समजूत.

या बेफिकिरीचं एक कारण होतं जकात. कारखान्यात येणाऱ्या मालाच्या ट्रकवर नाक्यावर जकात भरली जाई आणि त्या पैशांवर पालिकेची तिजोरी भरे. 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' असं लोक अभिमानाने सांगत. रुंद रस्ते झाले, उद्यानं झाली, उड्डाणपूल झाले. पैसा कारखान्याचा, त्यामुळे आपण हिशेब विचारावा असं कोणालाच वाटलं नाही. स्वतःच्या खिशातून वर्गणी गेली की माणूस मंडळाचा जमाखर्च पाहतो, नाहीतर नुसता प्रसाद घेऊन घरी जातो!

१९९७ साली मोशी, चिखली, वाकड, पुनावळे अशी आणखी गावं पालिकेत आली आणि शहर जवळजवळ दुप्पट झालं. २००१ च्या जनगणनेत आम्ही १० लाख होतो. २०११ साली १७ लाखांच्या पुढे गेलो. २०१३ साली जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला आणि त्यानंतर पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसू लागली. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पोलीस आयुक्तालयही वेगळं झालं. गाडीच्या पाटीवर 'एमएच १४' तर कधीपासूनच होतं. फक्त माझ्या तोंडी तेवढं 'पुणे' राहिलं.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. आरक्षणाचे आणि प्रभागांचे वाद न्यायालयात गेले, निवडणूक लांबली आणि जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक राहिले. म्हणजे काय, हे आपण नागरिकशास्त्राच्या तासाला ऐकलेलं विसरलेलो असतो. एरवी आयुक्त खर्चाचा प्रस्ताव मांडतात, सोळा जणांची स्थायी समिती तो तपासते आणि अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे येतं. या चार वर्षांत मांडणारा हात आणि मंजुरी देणारा हात एकच. मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही. पुष्कळदा अधिकारी एकटा असला की काम झपाट्याने होतं. पण तो बदलून जातो, नगरसेवक मात्र त्याच गल्लीत राहतो. सकाळी दूध आणायला गेलं की तो भेटतो, आणि भेटला की त्याला विचारता येतं. सभागृहातल्या १२८ खुर्च्या रिकाम्या पडल्यावर मला हे उमगलं.

माझा मुलगा चाकणला नोकरीला आहे. त्याच्याकडून तिथल्या वाहतूक कोंडीच्या कहाण्या ऐकतो तेव्हा मला जुनी पिंपरी आठवते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी शायिस्ताखानाला सुमारे दोन महिने झुंजवलं, ते हे चाकण. पुढे ते कांद्याच्या बाजाराला ओळखलं जाऊ लागलं. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, नगरपरिषद झाली ती २०१५ साली. पण भोवतालच्या म्हाळुंगे, निघोजे अशा गावांत कारखाने वाढले ते ग्रामपंचायतींच्या हद्दीत. मी मुलाला एकदा म्हटलं, "तिथे उद्या महापालिका होईलही. पण शहर होण्यासाठी तेवढं पुरत नाही." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आपल्या इथे तरी कधी मत दिलंत?"

उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान ठरलं. आदल्या दिवशी संक्रांत, म्हणून हा दिवस किंक्रांतीचा. सौ. म्हणाली, "करिदिनाला कुठलं काम सुरू करू नये म्हणतात." मी म्हटलं, "सुरू कुठे करतोय? चाळीस वर्षं राहिलेलं काम आहे." शाळेतल्या त्या खोलीत कळलं की एका प्रभागात चार जागा आणि मतंही चार. चारही उमेदवारांपैकी कोणाचं काम मला ठाऊक होतं? खरं सांगतो, एकाचंही नाही. जरा लाज वाटली. नावं नीट वाचली, चार बटणं दाबली आणि बाहेर आलो.

आता त्या चौघांचे फोन नंबर मी स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पाठीमागे लिहून ठेवले आहेत. परवा गाडीत शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपण कुठले?"

"पिंपरी-चिंचवडचा," मी म्हटलं.

"म्हणजे पुण्याचेच की!"

"नाही हो," मी म्हणालो, "सांगतो." आणि लोणावळा येईपर्यंत सांगत राहिलो.